साहेब, फाइल उघडंना!

खरीप हंगामपूर्व आढावा बैठक असो, कॉलेजातला परिसंवाद असो, नाहीतर पीक विम्याची माहिती द्यायला बोलावलेली गावकऱ्यांची सभा असो, लोह्यापासून लातूरपर्यंत या सगळ्यांचा पहिला अर्धा तास आता पक्का ठरून गेला आहे. दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, प्रास्ताविक करणारा ‘वेळेअभावी थोडक्यात’ म्हणत वीस मिनिटं खातो, आणि मग दिवे मालवले जातात. भिंतीवर निळा चौकोन उमटतो. त्या निळ्या उजेडात ऑपरेटरचा आवाज येतो, “साहेब, फाइल उघडंना.” इथून पुढे विधी सुरू होतो. पेन ड्राइव्ह काढून त्यावर फुंकर मारतात, दुसऱ्या छिद्रात घालतात, केबल हलवतात, ‘रिस्टार्ट मारा’ असा सल्ला पहिल्या रांगेतून येतो आणि तो मारलाही जातो. शेवटी माइकवरून तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी व्यक्त होते आणि चहा येतो. माझं म्हणणं एवढंच, की या सगळ्या प्रकारात तांत्रिक असं जवळजवळ काहीच नसतं. फाइल न उघडण्याची कारणं मोजकी आहेत, ठाऊक असलेली आहेत, आणि बहुतेक सगळी आदल्या दिवशी कळू शकतात. ती कळू द्यायची नसतात, एवढीच काय ती अडचण.

आधी फाइलीची बाजू ऐकून घेऊ, कारण तिला माइक कुणी देत नाही. ऑफिस २००७ पासून सादरीकरणाची फाइल ‘पीपीटीएक्स’ या नावाने जतन होते. ती वरून एक दिसली तरी आत झिपचं गाठोडं असतं. प्रत्येक स्लाइडचा मजकूर वेगळ्या छोट्या फाइलीत, फोटो वेगळ्या फोल्डरात, आणि कुठे काय ठेवलं आहे याची यादी अगदी शेवटी. यादी शेवटी असल्यामुळे कॉपी पूर्ण व्हायच्या आत कुणी घाईने पेन ड्राइव्ह उपसला किंवा डाउनलोड मध्येच तुटलं, तर नव्वद टक्के फाइल जागेवर असूनही दार उघडत नाही. कॉम्प्युटर तेव्हा खोटं बोलत नसतो. ‘तुम्ही मला अर्धवट माल दिला’ असं तो शक्य तितक्या सभ्यपणे सांगत असतो. दुसरा प्रकार याहून सोपा. डेस्कटॉपवरचा बाण असलेला आयकॉन पेन ड्राइव्हवर ओढून टाकायचा आणि निघायचं. तो असतो शॉर्टकट, म्हणजे घराऐवजी घराचा पत्ता. तो दोन-चार केबीचा भरतो. ज्या सादरीकरणात सत्कारमूर्तींचे चाळीस फोटो आहेत ते दोन केबीत कसं मावलं, हा प्रश्न निघण्यापूर्वी कुणाला पडत नाही.

उरलेली कारणंही अशीच घरगुती आहेत. फाइल नव्या ऑफिसात केलेली आणि सभागृहातला कॉम्प्युटर २००३च्या ऑफिसवर चालणारा. त्याला पीपीटीएक्स म्हणजे काय हेच माहीत नाही. कधी फाइल मेलवरून आलेली असल्यामुळे पॉवरपॉइंट ती संरक्षित अवस्थेत उघडू पाहतं आणि तिथेच अडतं. तेव्हा फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर टिचकी मारली की बहुधा भागतं. कधी उघडते, पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण टायपिंग कृतिदेव किंवा श्रीलिपीत झालेलं असतं आणि तो फॉन्ट या कॉम्प्युटरवर नसतो. युनिकोडमध्ये टाइप करा म्हणून किती परिपत्रकं निघाली. त्यांतली काही बहुधा कृतिदेवमध्येच टाइप झाली असावीत. व्हिडिओ लागत नाही, कारण तो ‘डी’ ड्राइव्हवर, म्हणजे ऑपरेटरच्या टेबलावर, राहिलेला असतो. याच लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची जत्रा भरते. तिथे घोडं घेणारा माणूस जबडा उघडून दात मोजल्याशिवाय खिशात हात घालत नाही. तोच माणूस सभेला आला की त्याच्यापुढे जी फाइल ठेवतात, ती सकाळपासून कुणी उघडूनही बघितलेली नसते.

यावर आक्षेप येतील. पहिला लाइटचा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, हे खरं. फाइल सेव्ह होत असतानाच वीज गेली तर ती बिघडू शकते, हेही खरं. पण लाइटने बिघडवलेली फाइल बिघडलेली आहे हे आदल्या संध्याकाळीही दिसलं असतं. दुसरा आक्षेप जुन्या यंत्रांचा. तोही मान्य, तालुक्याच्या ठिकाणी नवं यंत्र येतं तेव्हा ते जिल्ह्यात जुनं झालेलं असतं. मात्र यंत्र जुनं आहे हे काही बैठकीच्या दिवशी उघडकीस आलेलं नसतं. त्याच फाइलीची एक प्रत पीडीएफमध्ये काढायला मिनिटभर लागतं. तिच्यात फॉन्ट बहुधा सोबत जातो आणि ती कुठल्याही जुनाट डबड्यावर उघडते. फक्त तिच्यात अक्षरं उडत-गिरक्या घेत येत नाहीत, आणि नेमकं तेच साहेबांना हवं असतं. तिसरा आक्षेप सर्वांत लाडका: ऑपरेटरच तसा आहे. हा ऑपरेटर बहुतेक वेळा कंत्राटी असतो. त्याला मजकूर रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, पहाटे दुरुस्ती येते, आणि बैठकीला निघताना ‘दुसरा फोटो आधी घ्या’ असा निरोप येतो. फाइलीच्या नावापुढे ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’, ‘खरंच अंतिम’ अशी शेपटं त्याने हौसेने लावलेली नसतात. तपासायला लागणारी रात्र वरच्यांनी खाल्ली आणि सकाळी बोट त्याच्याकडे, हा न्याय काही कॉम्प्युटरने शिकवलेला नाही.

मग इतकी साधी गोष्ट होत का नाही? कारण न उघडणाऱ्या फाइलीने व्यासपीठावरच्या कुणाचंच नुकसान होत नाही. उद्दिष्ट किती होतं, गाठलं किती, बाकीचं कुठे गेलं, हे आकडे पडद्यावर आले असते तर त्यावर प्रश्न आले असते. फाइल उघडली नाही की आकडेही मिटून राहतात, आणि इतिवृत्तात ‘सादरीकरण करण्यात आले’ असं लिहायला काहीच आडकाठी नसते. नुकसान होतं ते मागच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचं. एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं तिकीट घालून ते विम्याच्या अर्जाची मुदत विचारायला आले होते. ती मुदत साहेबांना तोंडपाठ हवी होती. ती फाइलीत होती. खरा बिघाड इथे आहे: डोक्यात असायला हवं ते पेन ड्राइव्हवर गेलं, आणि पेन ड्राइव्ह बंद पडला की अधिकारीही बंद पडतो.

फाइल उघडली की सगळं उघडतं, असाही समज नको. कल्पना चावलासह सात अंतराळवीरांना घेऊन निघालेलं कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर फुटलं. उड्डाणाच्या वेळी पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याचा धोका अभियंत्यांनी स्लाइडवर मांडला होता. स्लाइड व्यवस्थित उघडली होती, पण मुद्द्याखालच्या उपमुद्द्यांत तो धोका पुरला गेला. तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या नासाच्या सवयीवर चौकशी मंडळाने बोट ठेवलं. आपल्याकडे निदान फाइल उघडत नाही, एवढीच सुरक्षितता.

एक गोष्ट मात्र विसरली गेली आहे. १९८७ साली मॅकिन्टॉशवर पॉवरपॉइंट पहिल्यांदा आलं, तेव्हा ते ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची पानं छापून देणारं साधन होतं. म्हणजे कागदाची एक प्रत सोबत बाळगणं हा मागासलेपणा नाही. ती त्या सॉफ्टवेअरची मूळ चाल आहे. तेव्हा पुढच्या सभेत भिंत निळी झाली, की मागच्या रांगेतून उठा आणि दोन गोष्टी विचारा: ही फाइल किती केबीची आहे, आणि काल ती याच कॉम्प्युटरवर कुणी उघडून पाहिली होती? दुसऱ्या प्रश्नाला नावानिशी उत्तर मिळेपर्यंत चहाला उठू नका.