भोंगेबहाद्दर

अमेरिकेच्या व्यावसायिक कुस्तीत मॅनेजर नावाचा एक प्राणी असतो. अंगाने पैलवानाच्या निम्मा, आवाजाने दुप्पट. लढायचं दुसऱ्याने, घाम गाळायचा दुसऱ्याने, ह्याने फक्त कडेला उभं राहून कालवा करायचा आणि पंचाची पाठ वळली की लबाडी. मुंगीलाही न दुखावणाऱ्या प्रेक्षकाला ह्याच्या कानाखाली एक काढावीशी वाटली, की ह्याची मजुरी वसूल. १९८५ साली डब्ल्यूडब्ल्यूएफ ह्या कुस्ती कंपनीत आलेला जिमी हार्ट हा ह्या जातीचा अस्सल नमुना: चितारलेलं भडक जाकीट, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाशी भोंगा. मुळात हा गडी गाणारा. मेम्फिसच्या ‘द जेंट्रीज’ बँडमधला. त्यांचं ‘कीप ऑन डान्सिंग’ १९६५ साली बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचलं होतं. पुढे जेरी लॉलर ह्या पैलवानाच्या ओळखीने तो कुस्तीत शिरला. एक कलावंत वाया गेला, अशी हळहळ कुणाला वाटेल. पण ह्या गृहस्थाने धंदा बदललाच नाही.

त्या गाण्याचंच पाहा. ध्वनिमुद्रण रेकॉर्डच्या मानाने फार तोकडं झालं, तेव्हा ते संपत आल्यासारखं विरत नेलं आणि तेच मुद्रण पुन्हा जोडून दिलं. संपलं म्हणेस्तोवर पुन्हा सुरू! हीच विद्या, हार्ट ज्याचा मॅनेजर होता त्या हॉन्की टॉन्क मॅनने रिंगमध्ये चालवली. एल्व्हिसचा अवतार घेऊन लोकांच्या डोक्यात गिटार फोडणाऱ्या ह्या पैलवानाने इंटरकॉन्टिनेंटल विजेतेपदाचा पट्टा ४५४ दिवस राखला. नियम मोडून बाद झालं तर लढत जाते, पट्टा जात नाही, ही त्यातली मेख. आज नक्की हरणार म्हणून लोक तिकीट काढत आणि दात-ओठ खात घरी जात. १९८७च्या तिसऱ्या ‘रेसलमेनिया’ मेळ्यात तर हार्टच्या गटातल्या डॅनी डेव्हिसने हार्टचाच भोंगा प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यात हाणून सामना जिंकून दिला. वाद्याचा इतका थेट परिणाम मैफलीत क्वचितच दिसतो.

ह्या कुस्तीत निकाल आधीच ठरलेला, मग ह्यात कसब कसलं, असा आक्षेप येईल. पण गाण्याचा शेवटही गायकाला आधीच ठाऊक असतो; ऐकणाऱ्याला तिथवर कसा न्यायचा, हेच तर कसब. आपल्याकडे कोल्हापूरच्या मैदानात खरी कुस्तीसुद्धा हलगीवाचून रंगत नाही. जिथे कुस्तीच लुटुपुटीची, तिथे हलगीवाल्यावर किती भार! नुसत्या बोंबलण्याला संगीत म्हणायचं का, हा दुसरा आक्षेप. त्याचं उत्तर हार्टने रीतसर दिलं आहे. पैलवानांच्या प्रवेशाची गाणी तो स्वतः रचत असे. शॉन मायकल्सचं गाजलेलं गाणं त्याने जे. जे. मॅग्वायरबरोबर केलेलं. म्हणजे स्वागताची चालही ह्याची आणि हुर्योचा ठेकाही ह्याचाच. टाळ्या सगळेच कलावंत मागतात. शिव्या तालात घ्यायला लावणारा विरळा. २००५ साली त्याच कंपनीने, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, त्याला हॉल ऑफ फेममध्ये बसवलं. गायनाच्या खात्यावर बसवलं असतं, तरी चुकलं नसतं.