छिद्रांची सनद

पॅरिस नगरीत 1981 साली रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो या जपानी कलावंतांनी आपली काळी वस्त्रे प्रथम मांडली, तेव्हा तेथील रंगेल दरबारात सुतकाची वर्दी आली. आणि पुढच्याच वर्षी कावाकुबोबाईंनी विणकामाच्या यंत्राचे स्क्रू बुद्धिपुरस्सर सैल करवून भोकाभोकांचा स्वेटर काढला, व ही भोके नसून लेस आहे असा खुलासा केला. आमच्याकडे त्याची रवानगी बोहारणीकडे झाली असती. पण बोहारणीला सौंदर्यशास्त्र कुठले ठाऊक!

माझी तक्रार काळ्या रंगाविषयी नाही; यामामोतोंच्या ढगळ कोटाची खांद्यावरून ओघळणारी रेषा निःसंशय सुंदर आहे. तक्रार आहे ती भक्तगणांविषयी. गणवेशाचा धिक्कार करण्यासाठी ही मंडळी नखशिखान्त काळ्या वेषात अशा शिस्तीने हजर होतात, की जपानात त्यांना ‘कावळ्यांची टोळी’ हा किताब बहाल झाला. बेल्जियन वस्त्रकार मार्टिन मार्जिएलांनी तर नावाचा हव्यास नको म्हणून कपड्याच्या आत नावाच्या जागी कोरी पांढरी पट्टी चार टाक्यांवर अडकवली. ते टाके पाठीवर बाहेरून दिसतात, आणि जाणकारांत त्यांनाच हुद्द्याच्या बिल्ल्याचा मान आहे. पट्टी उसवणे दोन मिनिटांचे काम. ती उसवलेला गृहस्थ मात्र मला अद्याप भेटायचा आहे.