अलर्टचा बंदोबस्त कसा करावा

नेटवर्क मॉनिटरिंगमध्ये नवे उपकरण जोडताना, त्याच्याबद्दल काय काय कळवायचे हे ठरवावे लागते. जाणकार मनुष्य तिथे डोळे मिटून ‘सगळे’ निवडतो. उद्या काही राहून गेले तर आपल्यावर यायला नको. त्यानंतर इनबॉक्समध्ये जो पूर येतो, त्याचा निचरा करण्यासाठी पुढील विधी आहे.

१. आरंभ अकाउंट्सच्या मजल्यावरील ४८ पोर्टच्या स्विचपासून करावा. संध्याकाळी मंडळी संगणक बंद करून निघाली, की हा स्विच एकेक पोर्ट ‘डाऊन’ झाल्याचे इमानेइतबारे कळवतो. सकाळी तीच पोर्टे ‘अप’. टेबलावरच्या संगणकांच्या पोर्टवरची देखरेख काढून फक्त अपलिंकची आणि सर्व्हरची ठेवली, तर विषय मिटतो. पण त्यासाठी कुठल्या पोर्टाला काय जोडले आहे ते माहीत हवे, आणि पोर्टची वर्णने लिहिणार होते ते गृहस्थ नोकरी सोडून गेले. सबब, मेलमध्ये ‘नंतर बघू’ नावाचे फोल्डर करून या स्विचची सारी मेल तिकडे वळवावी.

२. मग गांभीर्य ठरवावे. झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘नॉट क्लासिफाइड’पासून ‘डिझास्टर’पर्यंत सहा पातळ्या आहेत, सिसलॉगमध्ये शून्य ते सात अशा आठ. इतक्या बारकाव्यात शिरू नये. साहेबांच्या केबिनमधल्या प्रिंटरचा टोनर संपत आला : डिझास्टर. कोअर स्विचच्या दोन पॉवर सप्लायपैकी एक गेला : इन्फर्मेशन. दुसऱ्यावर चालू आहे ना!

३. धीर धरू नये. नॅगिऑस हे तसेच दुसरे सॉफ्टवेअर. तो पहिला चेक फसताच बोंब मारत नाही. तो त्या स्थितीला ‘सॉफ्ट’ मानतो, पुन्हा तपासतो आणि ठरवून दिलेले चेक लागोपाठ फसले तरच ‘हार्ड’ म्हणून निरोप धाडतो. ही संख्या एकवर आणावी. मग लाइन मिनिटभर डळमळली तरी रात्री दोनला फोन वाजतो, आणि लॅपटॉप उघडेपर्यंत पडद्यावर सगळे हिरवे झालेले असते. महिन्याभरात ड्यूटीवरचा इंजिनिअर झोपेतच ‘अ‍ॅक्नॉलेज’ दाबायला शिकतो. प्रशिक्षणाचा खर्च वाचतो.

४. उपकरणांची नातीगोती सॉफ्टवेअरला सांगू नयेत. नॅगिऑसमध्ये प्रत्येक उपकरणाचा ‘पेरेंट’ नोंदवता येतो. शाखेचा राउटर पडला, तर त्याच्या मागचे स्विच, कॅमेरे आणि अ‍ॅक्सेस पॉइंट ‘डाऊन’ न ठरता ‘अनरीचेबल’ ठरतात आणि त्यांचे निरोप बंद ठेवता येतात. झॅबिक्समध्ये हेच काम ट्रिगरच्या डिपेंडन्सी करतात. पण तसे केले, तर जेसीबीने फायबर तोडल्यावर एकच मेल येईल. एका मेलवर मासिक अहवालातला आलेख उभा राहत नाही.

५. देखभालीच्या कामापूर्वी तेवढ्याच उपकरणांचा, तेवढ्याच तासांचा डाउनटाइम नोंदवण्याची सोय असते. ती किचकट वाटल्यास सगळीच नोटिफिकेशन बंद करावीत आणि चालू करायचे सकाळच्या शिफ्टला तोंडी सांगावे. शांतता पाहून सकाळच्या शिफ्टला वाटते, रात्रपाळीने नेटवर्क सुधारले.

आक्षेप व निरसन : काही शंकेखोर लोक वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या टेक्साको रिफायनरीचा दाखला देतात. २४ जुलै १९९४ रोजी तिथे स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते आणि कामाचे कोणते हे त्या गर्दीत कळण्याजोगे नव्हते. यावर उत्तर सोपे आहे : आपली कुठे रिफायनरी आहे?

एक इशारा : प्रत्येक अलर्टपुढे ‘हा आल्यावर कोणी काय करायचे’ असा रकाना ठेवा, असे कोणी बैठकीत सुचवले तर चहाचे निमित्त काढून उठावे. तो रकाना भरायला बसले, की निम्म्या अलर्टपुढे लिहायला काही सापडत नाही आणि ते काढून टाकावे लागतात. उरलेल्यांपुढे माणसाचे नाव घालावे लागते. आज तीच मेल चाळीस जणांना जाते आणि चाळीसही जणांना वाटते, दुसऱ्याने पाहिली असेल. एका नावापुढे ही सोय राहत नाही.