शेवट गोड, तोही दालचिनीचा

१९५२ साली अमेरिकेत मॅरिजेन मीकर यांनी ‘विन पॅकर’ हे पुरुषी नाव पांघरून ‘स्प्रिंग फायर’ ही कादंबरी लिहिली. दोन मुलींचं प्रेम चालेल, पण शेवट गोड नको, असं प्रकाशकाने आधीच बजावलं होतं. पोस्टखातं पुस्तकं जप्त करील ना! मग एक नायिका वेड्यांच्या इस्पितळात, आणि दुसरीला साक्षात्कार, की आपलं तिच्यावर प्रेम नव्हतंच मुळी. नीती टिकली, पुस्तक धो धो खपलं. आपल्या विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातली, बाईवर प्रेम करणारी मित्राही शेवटी जीवच देते. (तिथे पोस्टाचा हात नव्हता.)

आता ट्रॅव्हिस बाल्ड्री यांच्या ‘लेजेंड्स अँड लाटेज’ (२०२२) या कादंबरीतली व्हिव पाहा. २२ वर्षं तलवार चालवून विटलेली ही आडदांड राक्षसीण, कॉफी कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या शहरात चक्क कॉफीचं दुकान थाटते. हाताखाली टँड्री. मराठी डोळ्यांना ती ‘तंद्री’च दिसते, आणि लागतेही. ती खडूने भावफलक रंगवते, भट्टीतून दालचिनीचे रोल निघतात, आणि दोघींचं प्रेम इतक्या सावकाश जमतं की वाचताना आपला चहा दोनदा गरम करावा लागतो.

‘यात काही घडतच नाही’ म्हणून नाकं मुरडणारे आहेतच. अहो, घडायचं ते मागच्या सत्तर वर्षांत घडून गेलं की! चाळिशीचा चष्मा लावलेल्या वाचकबाईंची मागणी साधी आहे: शेवटच्या पानावर दोघी जिवंत असाव्यात, आणि रोल संपलेले नसावेत.