विठोबा आणि विधी व न्याय खातं

2023 सालची कार्तिकी जवळ आली आणि पंढरपूरच्या मंदिर समितीला पेच पडला. आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांची, कार्तिकीची उपमुख्यमंत्र्यांची, असा रिवाज. पण त्या वर्षी राज्याला उपमुख्यमंत्री दोन! निमंत्रण कुणाला धाडायचं? पूर्वी अशा वेळी शास्त्रीबुवा पंचांग उघडत. समितीने विधी व न्याय खात्याचं मत घ्यायचं ठरवलं. शेवटी पूजा देवेंद्र फडणवीसांनी केली. विठोबाचं मत कुणी घेतलं नाही. तो कमरेवर हात ठेवून उभाच होता. युती, आघाडी, पुन्हा युती, सगळ्यांच्या हातचं पंचामृत त्याने मुकाट्याने सोसलंय.

मंदिरातल्या बडवे-उत्पात या पुजाऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क 1973च्या कायद्याने संपवले, ते बरंच झालं. पण देव आणि भक्त यांच्या मधली जागा रिकामी दिसली की सरकारला बसायचा मोह होतोच.

खरं तर देव आणि सरकार या प्रकरणाचा निकाल कधीच लागलाय. 17 ऑक्टोबर 1949 रोजी हरि विष्णू कामत यांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडली, की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, मग देवीचं नाव का नको? श्रद्धेची सक्ती नको, असंही काहींनी बजावलं. कामत मतदानावर अडून बसले. बाजूने 41, विरोधात 68. देव 27 मतांनी पडला.

आता योगायोग पाहा. एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी राखलेला कर कुणावर लादता येणार नाही, हे सांगणारं कलमही 27च. पुढचं 28वं म्हणतं, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नको. विठोबा विटेवर उभा आहे तो अठ्ठावीस युगं. पण आपल्याकडे 28 म्हटलं की युगं आठवतात, कलम आठवत नाही.

पडलेल्या उमेदवाराला मागच्या दाराने आणायची आपली जुनी रीत. परवा सातबाऱ्यातली चूक दुरुस्त करायला एका कचेरीत गेलो, तर दाराला केळीचे खांब. "आज सत्यनारायण आहे, उद्या या," शिपाई म्हणाला आणि हातावर शिरा ठेवला. कचेरीतून एका फेरीत काही हाती पडण्याची माझी ही पहिलीच वेळ. आत कथा चालू होती. साधुवाण्याला विचारलं, नावेत काय आहे? तो खोटंच म्हणाला, पालापाचोळा. आणि नावेतल्या मालाचा खरोखरच पालापाचोळा झाला. साहेब हात जोडून ऐकत होते. "तुमची फाईल सापडत नाही," असं ते मला तीन महिने सांगताहेत. आता ती खरंच सापडत नाही.

सत्यनारायणाच्या जागी सरकारी खर्चाचं इफ्तार ठेवा, हिशेब तोच. शिऱ्याऐवजी खजूर मिळेल. फाईल मिळणार नाही.

मंत्र्यांनी पंढरीला जाऊ नये, असं कोण म्हणतं? जरूर जावं. फक्त स्वतःच्या खर्चाने जावं आणि दर्शनाच्या रांगेत शेवटी उभं राहावं. तेवढ्या वेळात कदाचित माझा सातबाराही दुरुस्त होईल.