‘भाषेची गरज नाही’ म्हणणाऱ्या एजंटसाहेबांस

एजंटसाहेब,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहितात. मी तो लिहीत नाही. तुमच्याबद्दल प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं तुम्ही काही केलेलं नाही.

विरार स्टेशनहून बोळिंजकडे येताना तुमची पत्रकं दिसतात. विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर, म्हाडाच्या इमारतींत लिफ्टशेजारी. दुबई, कतार, पोलंड, जर्मनी. राहणं-जेवण फ्री. आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत: भाषेची गरज नाही. गिऱ्हाईक तुम्ही बरोबर ओळखलंय. आयटीआय केलेला, हातात वेल्डिंग असलेला, पण इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची म्हटली की घसा कोरडा पडतो असा पोरगा नेमका त्या ओळीपाशी थांबतो. आयुष्यभराची शरम कुणीतरी पुसून टाकली असं त्याला वाटतं. तुम्ही पैसे घेता ते त्या शरमेचे.

तुमच्या बोलण्यात खरं किती, तेही सांगते. वसई तालुक्यातून माणसं आखातात गेली तेव्हा त्यांना अरबी येत नव्हती. साइटवर केरळचा फोरमन, लाहोरचा ड्रायव्हर, बिहारचा फिटर. हिंदी-उर्दूवर दिवस निघायचा. त्या कमाईवर इथली घरं उभी राहिली, पोरं शिकली. पण त्यांना नेणारा मामा असायचा, मावसभाऊ असायचा, नाहीतर गावातलाच कुणी. कागद आला की वाचून दाखवणारं, दवाखान्यात सोबत येणारं आपलं माणूस तिथं हजर असायचं. तुम्ही त्या माणसाला काढून टाकलंत आणि त्याच्या जोरावर खरं ठरलेलं वाक्य तेवढं पत्रकावर छापलंत.

वेल्डिंगला भाषा लागत नाही, मान्य. ओव्हरटाइमचे पैसे का कापले हे विचारायला लागते. मालकानं ठेवून घेतलेला पासपोर्ट परत मागायला लागते. छातीत कळ कुठं येते हे डॉक्टरला सांगायला लागते. काम करण्यापुरता मुका माणूस चालतो, नाही म्हणायला मात्र तोंड लागतं. तुम्हाला नाही न म्हणणारी माणसंच हवी आहेत, म्हणून ही सवलत.

संयुक्त अरब अमिरातीत नोकरीच्या प्रस्तावाचा सरकारी नमुना अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळतो. वाद झाला तर तिथं अरबी मजकूर धरतात, म्हणून तर सही करण्याआधी हिंदी नमुना वाचून घ्यायचा. तुमच्या ऑफिसात बसलेल्या कोणत्या पोराला तुम्ही तो दाखवलात? त्यांना तुम्ही दाखवलेत ते उंच इमारतींचे फोटो.

न वाचता येणाऱ्या कागदावर सही केली की काय होतं, ते रशियानं दाखवलं. हेल्परची, सिक्युरिटीची नोकरी सांगून भारतातली पोरं नेली, रशियन भाषेतले करार पुढं ठेवले आणि युक्रेनच्या आघाडीवर धाडली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं मुंबईसह सात शहरांत छापे घातले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं आकडे सांगितले: रशियन सैन्यात गेलेल्यांची १२६ प्रकरणं, १२ मृत्यू, १६ बेपत्ता. त्या पोरांनाही कुणीतरी सांगितलंच असेल, भाषेचं टेन्शन घेऊ नका.

आता जर्मनीचं. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, त्यात मनुष्यबळ पाठवण्याआधी जर्मन शिकवणं धरलेलं आहे. नर्सला तिथं नर्स म्हणून मान्यता हवी तर साधारणपणे बी-टू पातळीची जर्मन लागते. जपानच्या ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ व्हिसालाही भाषेची परीक्षा आहे. जे देश माणसं मागताहेत, तेच भाषा मागताहेत. मग बोळिंजमधल्या नर्सिंग केलेल्या मुलीला तुम्ही जर्मन न शिकता कोणत्या दारानं आत घालणार होतात? टुरिस्ट व्हिसानं? तिच्या आईनं मंगळसूत्र गहाण ठेवून तुमच्या टेबलावर पैसे ठेवले, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला पडला नाही. तुमच्या स्वतःच्या मुलाला मात्र जर्मनीला पाठवण्याआधी तुम्ही दादरच्या क्लासला घातलंत. भाषेची गरज नाही ना? मग त्याची फी कशाला भरलीत?

पैशांचंही बोलू. परदेशी नोकरीसाठी भरती करायची तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे एजंटाची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यालाही सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. मी बघितली. तुम्ही त्यात नाही. आणि तुम्ही मागता ते लाखांत, पावतीशिवाय.

गावातल्या पोरांनो, हे पत्र तुमच्याही हातात पडेल म्हणून मध्येच दोन शब्द. परदेशी जायचं तर जा, इथं किती पगार मिळतो ते मला माहीत आहे. मुंबई-पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, जर्मन पहिल्या धड्यापासून शिकवतात. आखातात जाणार असाल तर जाण्याआधी करार घरात मोठ्यानं वाचून घ्या, पासपोर्टची झेरॉक्स आईजवळ ठेवा. भाषा येत नाही याची लाज वाटून घेऊ नका. ती येत नसताना कुणी सही मागितली तर पेन खाली ठेवा.

एजंटसाहेब, ज्यांचे पैसे घेतलेत त्यांचे परत करा. नाहीतर तुमच्या पत्रकाचे फोटो, फोन नंबर आणि पोरांच्या बँकेची स्टेटमेंट घेऊन आम्ही पोलिसांकडे आणि मुंबईतल्या उत्प्रवासी संरक्षकांच्या कार्यालयात जाणार आहोत. तक्रार पोरं स्वतः सांगतील, मराठीत.

बोळिंजची एक रहिवासी