न सांगण्याचं व्रत

वयात आलेल्या मुलांना काही सांगायचं नाही, हे आपल्या घरांतलं फार थोर व्रत आहे. एकादशी मोडते, श्रावण मोडतो. हे मात्र सहसा मोडत नाही.

त्याचं खरं तेज दिसतं गणपतीत. चौदा वर्षांच्या मुलीची तारीख नेमकी चतुर्थीला येते आणि घर हवालदिल होतं. बाप्पा विघ्नहर्ता आहे, पण हे विघ्न त्याच्यावर सोपवायची कुणाची छाती होत नाही. आई औषधांच्या दुकानात जाते, गिऱ्हाइकं पांगेपर्यंत थांबते आणि हलक्या आवाजात ‘पुढे ढकलायची गोळी’ मागते. कागदात गुंडाळलेली पट्टी पर्समधून घरी येते. त्या गोळीत हार्मोन असतं, तिने मळमळू शकतं, डोकं दुखू शकतं, हे मुलीला कुणी सांगत नाही. सोवळं टिकतं.

तिकडे गुवाहाटीला कामाख्येच्या देवळात आषाढात खुद्द देवीला पाळी येते, असं मानतात. तीन दिवस दार बंद. मग लाल वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून मिळावा यासाठी भाविकांची झुंबड. देवीची पाळी पवित्र आणि लेकीची विटाळ, हे दोन्ही एकाच श्रद्धेने मानायला मोठं मन लागतं. ते आपल्यापाशी आहे.

मुलग्यांचीही आबाळ नाही. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हे गणित ब्रह्मचर्याच्या पुस्तिकांत मिळतं. पुढचं शिक्षण गुप्तरोगाच्या जाहिरातींनी रंगलेल्या भिंती देतात. झोपेत वीर्य जाणं त्या वयात स्वाभाविक असतं, एवढं एक वाक्य बाप बोलला तर तो धंदा बसेल.

र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढून हे न सांगण्याचं व्रत मोडत राहिले. समाजाने अश्लीलतेचे खटले भरून त्यांना समज दिली. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी खटला हरलेच. २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण संस्कृतीच्या नावाने राज्यात थांबवलं गेलं. संस्कृती वाचली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. ज्यांच्या कानावर काही पडू द्यायचं नव्हतं, त्यांना आपणच बोहल्यावर चढवलं.

उपरोध पुरे. यंदा ती गोळी आणण्याआधी मुलीला जवळ बसवून बोला, डॉक्टरांना विचारा. आणि पाळीतच तिला आरतीला उभं राहावंसं वाटलं, तर राहू द्या.